सीपीएल फिल्टर कसा वापरायचा: आकाश नंतर, आधी पानं आणि पाणी

नवीन सीपीएल (सर्क्युलर पोलरायझर, लेन्सपुढे लावायचा आणि पुढची रिंग फिरवता येणारा फिल्टर) हातात आला की बहुतेक जण एकच करतात, लेन्सवर चढवतात, आकाशाकडे कॅमेरा धरतात, निळा गडद झाला की खूश, आणि मग तो फिल्टर तसाच लेन्सवर राहतो, सकाळ असो संध्याकाळ असो. मीही बरेच दिवस हेच केलं. तेव्हाचे फोटो आता उघडले की आकाश एका कोपऱ्यात शाईसारखं तर दुसऱ्या कोपऱ्यात फिकट, आणि दिवस कलल्यावरचे निम्मे फोटो हललेले. त्यामुळे माझं म्हणणं असं की आकाश थोडं बाजूला ठेवा, या फिल्टरचं खरं काम आहे चकाकी काढणं, आणि ते शिकायचं तर पानं आणि पाण्यापासून सुरुवात करा.

थोडक्यात तो करतो काय ते बघू. साधा उजेड सगळ्या दिशांनी कंप पावत येतो, पण पाणी, काच, ओला दगड, पानाचा मेणचट थर अशा ठिकाणावरून तिरका परावर्तित झाला की त्यातला बराचसा एकाच दिशेत कंप पावायला लागतो. फिल्टर म्हणजे गजांचं फाटक समजा, गज फिरवून आडवे केले की उभं येणारं अडतं, उभे केले की आडवं अडतं. 1808 साली मालुस या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये एका महालाच्या खिडक्यांवर चमकणारा मावळता सूर्य स्फटिकातून बघितला, स्फटिक फिरवताना दिसणाऱ्या दोन प्रतिमांचा उजेड कमीजास्त झाला, आणि परावर्तनाने उजेडाचं ध्रुवीकरण होतं, म्हणजे तो एकाच दिशेत कंप पावायला लागतो, हे त्यातून कळलं. आपण रिंग फिरवतो तेव्हा त्याच्यासारखंच करतो.

म्हणजे नुसता लावून काही होत नाही, फिरवावा लागतो! कमीत कमी परिणामापासून जास्तीत जास्त परिणामापर्यंत पाव फेरा, म्हणजे 90 अंश, पुढे परत उतरतं. व्ह्यूफाइंडर किंवा स्क्रीनवर एकाच ठिकाणी नजर ठेवून सावकाश फिरवा, पूर्ण फ्रेमकडे बघत भरभर फिरवलात तर फरक कळतच नाही. मी एखादं चमकणारं पान किंवा ओला दगड धरतो आणि तेवढाच बघत राहतो.

पहिला सराव झाडीत करा, तोही ढगाळ दिवशी, पाऊस पडून गेल्यावर तर फारच छान. लोकांना वाटतं की ऊन नाही म्हणजे सीपीएलचं काम नाही, आणि नेमकं इथेच चुकतं. ढगाळ आकाश म्हणजे डोक्यावर पसरलेला मोठ्ठा पांढरा दिवा, त्याचं प्रतिबिंब प्रत्येक पानावर पडतं आणि हिरव्यावर दुधाळ साय आल्यासारखी दिसते. रिंग फिरवली की ती साय निघते आणि खालचा पानाचा खरा हिरवा दिसतो. एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) वाढवून हे होत नाही, कारण जिथे फोटोत चकाकीच नोंदली गेली तिथे पानाचा रंग जवळपास नसतोच, मग वाढवणार काय? आकाश नंतर एडिटिंगमध्ये गडद करता येतं, चकाकीखाली दडलेलं पान परत आणता येत नाही. म्हणूनच मी पानांवर एवढा जोर देतोय. धबधबा किंवा ओढा असेल तर दुहेरी फायदा, ओल्या दगडांची चमक जाते आणि उजेड कमी झाल्यामुळे शटर आपोआप लांबतो, म्हणजे जास्त वेळ उघडा राहतो, पाणी रेशमासारखं येतं, ट्रायपॉड मात्र हवाच.

पाण्यात कोनाला फार महत्त्व. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण 37 अंशाच्या कोनातून बघितलं तर प्रतिबिंब जवळजवळ पूर्ण जातं आणि तळातले दगड, मासे दिसतात. काचेला हाच कोन सुमारे 34 अंश. सरळ वरून वाकून बघाल तर फिल्टर कितीही फिरवा, काही नाही. कोनमापक घेऊन फिरायची गरज नाही, फिल्टर फिरवून चकाकी सगळ्यात कमी करा, मग थोडं खाली बसा, थोडं उठा, एक पाऊल मागे जा, कुठेतरी पाणी एकदम उघडल्यासारखं वाटतं, तिथे थांबा. दुकानाच्या काचेतून आतलं काही टिपायचं असेल तरी समोर उभं न राहता तिरकं उभं राहा. धातूवरची चमक मात्र जात नाही, स्टीलचं भांडं किंवा क्रोम यांच्यावर वेळ घालवू नका. गाडीच्या रंगावरची चकाकी बरीच जाते कारण वर लाखेचा थर असतो.

आणि प्रत्येक वेळी चकाकी पूर्ण काढायचीच असं नाही. शांत तळ्यात डोंगराचं प्रतिबिंब असेल तर तेच हवं असतं ना, मग रिंग आणखी फिरवून प्रतिबिंब जास्तीत जास्त ठेवा, किंवा मधे कुठेतरी थांबा म्हणजे जवळचा तळ दिसेल आणि लांब डोंगरही राहील. ओल्या पानावरची सगळी चमक काढली तर ते ओलं वाटतच नाही, कोरडं, मेलेलं वाटतं. चेहऱ्याचंही तसंच, घामाची चमक थोडी काढा पण पूर्ण काढली की त्वचा मातीसारखी दिसते. मी आधी पूर्ण परिणाम बघतो आणि मग तो थोडा कमी करतो.

आता आकाश. सूर्यापासून 90 अंशावरचा पट्टा सगळ्यात गडद होतो, सूर्य पाठीशी किंवा अगदी समोर असेल तर काहीच होत नाही. सोपी युक्ती: तर्जनी सूर्याकडे धरा, अंगठा काटकोनात ताणा आणि मनगट फिरवा, अंगठा जिथे जिथे जातो तिथे परिणाम जास्त. सकाळ-संध्याकाळ हा पट्टा डोक्यावरून जातो, सूर्य डोक्यावर असेल तेव्हा क्षितिजाजवळ चारी बाजूंनी. वाइड लेन्समध्ये, फुल फ्रेमवर (35 एमएम फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवर) 24 एमएमपेक्षा वाइड असेल तर विशेष, या पट्ट्याबरोबर शेजारचं फिकट आकाशही फ्रेममध्ये येतं आणि मग तो डागाळलेला निळा येतो, तो नंतर सुधारताना जीव जातो. तिथे थोडाच फिरवा किंवा काढून ठेवा. पॅनोरमा काढताना तर काढाच, जोडलेल्या फोटोत आकाशाचे पट्टे दिसतात. उंच डोंगरावर आकाश आधीच गडद असतं, पूर्ण फिरवलं तर काळपट होतं.

इंद्रधनुष्य दिसलं तर जपून, त्याचा उजेड ध्रुवीभूत असतो म्हणून चुकीच्या बाजूला फिरवलात तर त्याचा तुकडाच गायब होतो, बरोबर फिरवलात तर आणखी उठून दिसतं.

हाताळणीच्या चार गोष्टी. फिल्टर 1 ते 2 स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे 1/250 चा शटर 1/60 पर्यंत येऊ शकतो, हातात कॅमेरा असेल तर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवा, आणि अंधार पडायला लागला की काढून डबीत ठेवा. कॅमेरा आडव्याचा उभा केला की फिल्टरही 90 अंश फिरतो, म्हणजे परिणाम उलटा, परत सेट करा, हे मी अजूनही विसरतो. ज्या जुन्या लेन्सचं पुढचं टोक फोकस करताना फिरतं तिथे आधी फोकस, मग फिल्टर. रिंग नेहमी आवळायच्या दिशेनेच फिरवा, उलट फिरवता फिरवता तो निसटून पडतो, माझा एक दगडावर पडून गेला. यूव्ही फिल्टरवर चढवू नका, फोटोचे कोपरे काळे पडतात आणि जास्तीची काच म्हणजे जास्तीची फ्लेअर (उजेडाचे नको असलेले डाग). विमानाच्या खिडकीतूनही नको, तिथल्या प्लॅस्टिकमुळे रंगीबेरंगी पट्टे येतात.

घेताना सर्क्युलरच घ्या, नुसत्या लिनियरने (पोलरायझरचा जुना, साधा प्रकार) डीएसएलआरच्या आतल्या अर्धपारदर्शक आरशामुळे मीटरिंग (उजेड मोजणं) आणि ऑटोफोकस गडबडू शकतं. सर्वात मोठ्या लेन्सच्या मापाचा एकच चांगला घ्या आणि बाकीच्यांसाठी स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवायची रिंग). तपासायचं असेल तर लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनसमोर फिल्टरची पुढची बाजू स्क्रीनकडे करून फिरवा, एका ठिकाणी स्क्रीन काळी व्हायला हवी. हाच फिल्टर मोबाइलच्या लेन्सपुढे हाताने धरूनही चालतो, फक्त पुढची बाजू बाहेर ठेवा, उलटा धरलात तर कितीही फिरवा, चकाकी जागची हलणार नाही.