ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड खेळताय? निदान या चुका टाळा

परवा मावसभावाने त्याची सेव्ह फाइल पाठवली. सोबत एकच ओळ: "दादा, सगळं नीट चाललं होतं, अचानक मरायला लागले." सायकल, म्हणजे गेममधला दिवस, ७२. डुप्स, म्हणजे वसाहतीतली माणसं, सोळा. फाइल उघडायच्या आधीच मला कळलं होतं आत काय असणार.

क्लेई कंपनीचा हा जमिनीखाली वसाहत वसवून जगवण्याचा गेम २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. तेव्हापासून मी तो खेळतोय आणि नव्या लोकांच्या बुडालेल्या वसाहती बघतोय. या गेममध्ये अचानक काहीही होत नाही. आज जो डुप गुदमरतो, त्याची सोय तुम्ही चाळीस सायकलींपूर्वीच करून ठेवलेली असते.

आला डुप की घेतला

नवे डुप्स छापणारं यंत्र, म्हणजे प्रिंटिंग पॉड, दर तीन सायकलींनी विचारतो, नवा माणूस हवा का? नवखा खेळाडू दर वेळी हो म्हणतो. कामाला हात वाढतील हा त्याचा हिशेब. पण हाताबरोबर तोंड आणि नाकही येतं, हे कोण मोजणार?

एक डुप सेकंदाला १०० ग्रॅम ऑक्सिजन ओढतो आणि सायकलीला १,००० किलोकॅलरी खातो. मीलवुडचं एक झाड तीन सायकलींनी ६०० किलोकॅलरी देतं, म्हणजे सायकलीला २००. माणशी पाच झाडं. भावाच्या सोळा जणांना ऐंशी झाडं हवी होती. त्याच्याकडे होती चोवीस. उरलेली भूक तो मश बारवर भागवत होता. एका मश बारला ७५ किलो माती आणि ७५ किलो पाणी लागतं आणि मिळतात ८०० किलोकॅलरी. म्हणजे पंगतीला बसलेल्यांना विहीर उपसून चिखल वाढायचा, तोही अर्धपोटी.

हवेचं तेच. ऑक्सिजन डिफ्यूझर सेकंदाला ५५० ग्रॅम शेवाळ खाऊन ५०० ग्रॅम ऑक्सिजन देतो, पाच जणांपुरता. सायकल ६०० सेकंदांची, म्हणजे पूर्ण वेळ चालला तर एक डिफ्यूझर सायकलीला ३३० किलो शेवाळ फस्त करतो. असे तीन लावून भाऊ निवांत बसला होता. शेवाळ संपलं तेव्हा त्याला तो 'बग' वाटला.

माझी सवय सांगतो. पहिल्या पन्नास सायकली सहा डुप्स, फार तर सात. पॉडने विचारलं की मी केअर पॅकेज, म्हणजे माणसाऐवजी मिळणारं सामान, बघतो, उपयोगाचं नसेल तर 'रिजेक्ट ऑल'. आठवा माणूस घ्यायच्या आधी त्याची पाच झाडं लावून झालेली असतात. याला कोणी कंजूषपणा म्हणो.

उष्णता ही शेवटी बघायची गोष्ट नाही

ही चूक मी स्वतः केली आहे, त्यामुळे जरा लांब सांगतो.

माझी तिसरी की चौथी वसाहत. नऊ डुप्स, सायकल १४० च्या आसपास, खाणंपिणं उत्तम. शेवाळ संपत आलं म्हणून दोन इलेक्ट्रोलायझर लावले. एक यंत्र सेकंदाला एक किलो पाणी घेऊन ८८८ ग्रॅम ऑक्सिजन आणि ११२ ग्रॅम हायड्रोजन देतं. एकातच जवळजवळ नऊ माणसांची सोय होते, मी हौसेने दोन लावले. आणि कुठे लावले? बेसच्या मधोमध, शेताच्या बरोबर खालच्या मजल्यावर. पाइप कमी लागतात ना!

इलेक्ट्रोलायझरमधून बाहेर पडणारा ऑक्सिजन किमान ७० अंशांचा असतो. पाणी २० अंशांचं घाला, तरी ७०. हे मी वाचलं होतं, पण वाचून सोडून दिलं होतं. डुप्स कुरकुरत नव्हते, आकडे हिरवे होते, मी तिसऱ्या वेगावर गेम पळवत होतो. शेजारी कोळशाचे दोन जनरेटर आणि बॅटऱ्यांची रांग. सगळं मिळून बेसची मे महिन्यातली पत्र्याची खोली झाली होती आणि मी चादरी कुठे टांगायच्या ते ठरवत होतो.

मीलवुड ३० अंशांपर्यंतच वाढतं. एका सकाळी शेतावर कर्सर नेला तर ३०.४. झाडं मरत नाहीत, नुसती थांबतात, म्हणून लगेच लक्षातही येत नाही. फ्रिजमध्ये २७ हजार किलोकॅलरी, नऊ जणांना तीन दिवस. घाईघाईने ब्रिसल ब्लॉसम लावायला गेलो, त्याचीही मर्यादा तीसच. मग इलेक्ट्रोलायझर बंद केले, तर हवा संपायला लागली. पुन्हा चालू केले. उपाशी डुप्सचा ताण वाढला, एक ओकत सुटला, दुसरा यंत्रं फोडायला लागला, आणि ज्याने ती दुरुस्त करायची तो ओकारी पुसत होता. शेवटी दोघे उरले. मी ती फाइल अजून जपून ठेवली आहे.

आता मी काय करतो? जनरेटर, बॅटऱ्या, इलेक्ट्रोलायझर हे सगळं राहत्या भागापासून लांब, इन्सुलेटेड टाइलच्या भिंतीआड. शेतालाही चारी बाजूंनी तीच टाइल. ऑक्सिजनचा पाइप आधी बर्फाळ बायोममधून, म्हणजे नकाशावरच्या थंड भागातून, फिरवून मग बेसमध्ये आणतो. पाइप लांबतो, लांबू दे. आणि बायोमच्या कडेचा अबिसलाइट नावाचा दगड उगाच खणत नाही. त्यातून उष्णता जवळपास जातच नाही, अशी भिंत गेम फुकट देतो आणि लोक रस्ता सरळ जावा म्हणून ती फोडतात. स्टीम टर्बाइन, म्हणजे वाफेची उष्णता खाऊन वीज देणारं यंत्र, वगैरे नंतर. त्याला शुद्ध केलेला धातू आणि प्लास्टिक लागतं, आणि तिथवर पोचायला जिवंत राहावं लागतं.

व्हिडिओतला 'स्पॉम' उचलून आणणे

स्पॉम म्हणजे स्वतःच्याच हायड्रोजनवर चालणारा ऑक्सिजनचा कारखाना. कल्पना झकास आहे. पण भावाने तो पस्तिसाव्या सायकलीला चित्र बघून जसाच्या तसा बांधला आणि वायू ओळखणारे सेन्सर गाळले, कारण त्यांचं संशोधन झालं नव्हतं. पंपाने जे मिळेल ते ओढलं. हायड्रोजन झोपायच्या खोलीत, ऑक्सिजन हायड्रोजन जनरेटरमध्ये. हायड्रोजन सगळ्यात हलका, तो छताला जाऊन बसला आणि वरच्या मजल्यावरचे डुप्स श्वास रोखून झोपत होते. ज्याला हा कारखाना कागदावर काढता येत नाही त्याने तो बांधू नये, असं माझं मत आहे. भावाला पटलेलं नाही.

बाकीचं थोडक्यात

साध्या तारेवर १,००० वॅटच्या वर भार टाकू नका. ती जळते, दुरुस्त होते, पुन्हा जळते.

सगळ्या कामांना प्राधान्य ९ दिलंत तर कशालाच प्राधान्य दिलं नाही.

कार्बन डायऑक्साइड खाली साचतो. बेसच्या तळाला त्याच्यासाठी खड्डा ठेवा, तिथे पलंग ठेवू नका.

स्लाइम खणून आणलंत तर साठवणीचा डबा पाण्याखाली ठेवा, म्हणजे ते हवा नासवत नाही.

वॉश बेसिनवर बाण असतो. डुप संडासातून बाहेर पडून त्या बाणाच्या दिशेने गेला तरच हात धुतो. हे न बघता "बेसिन लावलंय तरी जंतू कसे?" असं विचारणारे मला महिन्यातून दोन तरी भेटतात.

आणि स्पेसबार दाबा. गेम थांबवून हुकूम देता येतात. मी रोज सकाळी थांबवतो, एफ १ वर हवा बघतो, एफ ३ वर तापमान, मग पुढे. वीस सेकंदांचं काम.

भावाने नवी वसाहत सुरू केली आहे. सायकल ४१, डुप्स सहा. काल रात्री विचारत होता, स्टीम टर्बाइन कधी बांधू? मी विचारलं, शेतात किती अंश आहेत? म्हणाला, थांब, बघून सांगतो.