सेलमच्या दप्तरात मोलकरणीची साक्ष कशी वाचावी

१६९२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या सेलममध्ये चेटकाचे आरोप करणाऱ्या बऱ्याच मुली परक्या घरी कामाला होत्या. मर्सी लुईस थॉमस पुटनमकडे, सारा चर्चिल म्हाताऱ्या जॉर्ज जेकब्सकडे, मेरी वॉरन जॉन प्रॉक्टरकडे. माग काढायचा तर मेरीपासून सुरुवात करा. झपाटलेली, मग आरोपी, मग पुन्हा साक्षीदार, अशी तिन्ही सोंगं तिच्याच कागदांत सापडतात. कागदांचं लिप्यंतर व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं.

आधी कागदाचा प्रकार ओळखा: फिर्याद, अटकेचं वॉरंट, चौकशी, साक्ष, आरोपपत्र. या खटल्यांसाठी नेमलेल्या खास न्यायालयाची कामकाजाची वही हरवली आहे, त्यामुळे चौकशीलाच खटला समजण्याची चूक फार होते. साक्षीखाली ‘जुरात इन क्युरिया’ असा शेरा दिसला, तर ती न्यायालयात शपथेवर दिलेली.

मग प्रत्येक कागदासाठी तीन रकाने पाडा: झपाटलेली कोण, फिर्यादी कोण, लिहिणारा कोण. मोलकरणीच्या तोंडचा आरोप न्यायाधीशांपुढे न्यायला मोठी माणसं लागत. २९ फेब्रुवारीच्या पहिल्या फिर्यादीमागे चार पुरुष आहेत. त्यांतला थॉमस पुटनम हा मर्सीचा धनी, आणि कितीतरी साक्षी त्याच्याच हस्ताक्षरात. दोघीतिघींच्या साक्षीत तेच वाक्य जसंच्या तसं आलं, तर ते लिहिणाऱ्याचं धरा, मुलीचं नाही.

तारखा लावताना जपा. जुन्या पंचांगात वर्ष २५ मार्चला बदले, म्हणून १ मार्च हा १६९१/२ असा दिसतो. नुसतं १६९१ टिपलंत की सगळा क्रम वर्षभर मागे जातो.

आता मेरी. मार्चमध्ये तिला झटके येऊ लागले. सॅम्युएल सिब्लीच्या साक्षीप्रमाणे प्रॉक्टरने तिला चरख्यापाशी बसवून झोडपायची धमकी दिली. झटके थांबले, आणि दुसऱ्या दिवशी तो बाहेर पडताच परत आले. एप्रिलच्या सुरुवातीला बरं वाटल्याबद्दल तिने प्रार्थनागृहात आभाराची चिठ्ठी लावली. बाकीच्या मुली ढोंग करतात, असंही ती म्हणाल्याचा आरोप झाला. १८ तारखेला तिच्यावरच वॉरंट निघालं. १९ च्या चौकशीत न्यायाधीश हॅथॉर्नचा रोख असा: कालपरवा तू पीडित होतीस, आज पीडा देणारी कशी झालीस? तिथून तुरुंगातल्या चौकश्या ओळीने, एका बैठकीत वाचा. नकार विरघळत जातो, कबुली येते, धन्याधनिणीची नावं येतात. १९ ऑगस्टला जॉन प्रॉक्टर फासावर गेला. त्याची बायको एलिझाबेथ गरोदर होती म्हणून वाचली.

कबुलीचा भाव ठाऊक नसेल तर हे वळण कळत नाही. त्या वर्षी कबुली देऊन तिच्यावर टिकलेल्या कुणालाही फाशी झाली नाही. सारा इंगरसॉलची साक्ष इथे जोडून वाचाच. सारा चर्चिल रडत तिला म्हणाली की आपण खोटं बोललो. सैतानाच्या वहीत सही केली असं एकदा सांगितलं तर पाद्री नोयस विश्वास ठेवील, पण खरं शंभरदा सांगितलं तरी ठेवणार नाही. आमच्या मते सगळ्या दप्तरात मोलकरणीची बाजू इतकी उघडी दुसरीकडे क्वचितच पडते.

नाटक-सिनेमा पाहून आलेले अबिगेल विल्यम्सला प्रॉक्टरांची मोलकरीण समजतात. ती जेमतेम ११-१२ वर्षांची, पाद्री पॅरिसच्या घरची नातेवाईक. टिटुबालाही या यादीत घालू नका; ती पॅरिसची गुलाम होती, आणि त्या पहिल्या फिर्यादीतली आरोपी.