रॉबिन विल्यमसन चार माणसांना कसा ऐकवावा

रॉबिन विल्यमसन आवडणारी माणसं गोव्यात आहेत, पण विखुरलेली. एखादा फोंड्याला, एखादा म्हापशाला, आणि प्रत्येक जण कानात इअरफोन घालून एकटाच ऐकणारा. इतरांना ऐकवायची वेळ आली की हीच माणसं कच खातात, कारण एकदा ऐकवून त्यांची निराशा झालेली असते. ऐकवण्याची रीत चुकते म्हणून तसं होतं. संगीतात काही खोट नाही.

ज्यांना नावच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जन्म १९४३, एडिनबरो. 'इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड' या स्कॉटिश मंडळीतला एक मुख्य माणूस, दुसरा माइक हेरन. पहिली रेकॉर्ड १९६६ची. ती झाल्यावर तिसरा गडी क्लाइव्ह पामर अफगाणिस्तान-हिंदुस्थानच्या वाटेला लागला. विल्यमसन मोरोक्कोला गेला आणि येताना तिथली वाद्यं घेऊन आला. पुढच्या दोन वर्षांतल्या रेकॉर्डवर तो गिटार, मँडोलिन, ऊद आणि गिंब्री ही तंतुवाद्यं, व्हिसल म्हणजे छोटी बासरी, मोरचंग, पियानो असं हाताला लागेल ते वाजवतो आणि वर गातोही. १९६८ची 'द हँगमन्स ब्यूटिफुल डॉटर' ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत पोचली होती. आज त्या काळाच्या गप्पा निघाल्या की चार ठरावीक नावं घेतली जातात, त्यांत हा नसतो. मला ते सहन होत नाही, म्हणून हा लेख.

आमंत्रण देताना 'सायकेडेलिक' हा शब्द वापरायचा असेल तर पुढे 'फोक' जोडा आणि एक ओळ खुलासा लिहा. गोव्यात तो शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांपुढे हणजुणेचा किनारा, ट्रान्स आणि रात्रभराचा धडधडाट उभा राहतो. त्या अपेक्षेने आलेला माणूस गिटार आणि बासरी ऐकून दहा मिनिटांत उठतो. 'लाकडाची आणि कातड्याची वाद्यं, कवितेसारखी गाणी' एवढं सांगितलंत तरी योग्य माणसं येतात. आठ-दहा जण पुरेत. भजनाला जाणारे, घुमट वाजवणारे, नाट्यगीतांवर वाढलेले असले तर उत्तम.

जागा घरचीच घ्या, वसरी चालेल. मात्र जून-जुलै टाळा. कौलांवर पाऊस कोसळत असताना हलकी व्हिसल ऐकू येत नाही. चवथ आटोपली की दिवस चांगले. स्पीकर दोन हवेत, डावा आणि उजवा वेगळा ऐकू येणारे. एका डबीतून वाजणारा ब्लूटूथ स्पीकर आणूच नका. त्या काळच्या रेकॉर्डवर वाद्यं बऱ्याचदा डावी-उजवीकडे स्पष्ट वाटून दिलेली असतात आणि नवख्या कानाला थर वेगळे करायला तोच आधार असतो.

सुरुवातीचं भाषण दोन मिनिटांचं. बॉब डिलनने १९६८च्या एका मुलाखतीत विल्यमसनच्या गाण्याचं कौतुक केलं होतं, हे खरं आहे. पण ते सांगू नका. मोठ्यांची प्रमाणपत्रं वाचून दाखवली की लोक गाणं ऐकायचं सोडून प्रमाणपत्र तपासत बसतात.

आता मुख्य अडचणीकडे येतो. मीही इथेच अडलो होतो, आणि बहुतेक बैठका इथेच मोडतात.

आपला श्रोता बैठकीच्या कानाचा असतो. केसरबाई केरकरांच्या मुलखातला माणूस, सूर लागला की नाही हे त्याला आधी कळतं, बाकीचं मागाहून. त्याच्यापुढे तुम्ही उत्साहाने सतार असलेलं गाणं लावता. आपली सतार परदेशी रेकॉर्डवर, म्हणजे त्याला जवळचं वाटेल, असा तुमचा हिशेब. घडतं नेमकं उलट. सतार वाजताक्षणी त्याच्या डोक्यातला परीक्षक जागा होतो. आलाप कुठे आहे, मींड कुठे आहे, हा हात शिकलेला आहे का? तिसऱ्या मिनिटाला निकाल लागतो: अर्धवट शिकून वाजवलंय. एकदा हा निकाल लागला की उरलेली संध्याकाळ तुम्ही वकिली करत राहता. 'सतारीपासून सुरुवात करा, ओळखीचं वाटेल' हा सल्ला जिथे तिथे मिळतो. तो साफ चुकीचा आहे. सतार पहिल्या तासात लावायचीच नाही.

सुरुवात पहिल्या रेकॉर्डवरच्या 'ऑक्टोबर साँग'ने करा. एक गळा, एक गिटार, संपलं. इथे श्रोत्यांना एकच काम द्यायचं: गळ्याकडे लक्ष ठेवा. विल्यमसन ओळीच्या शेवटी स्वर सरळ सोडत नाही, वळवतो, घसरवतो, कधी दोन स्वरांच्या मधल्या जागी रेंगाळतो. इंग्रजी गाणं म्हणजे स्वरांच्या पायऱ्या, अशी समजूत घेऊन आलेला माणूस इथे मान वर करतो. ज्याला हरकत आणि घसीट कळते त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गाणं लागोपाठ दोनदा लावा. मध्ये बोलू नका.

मग 'चायनीज व्हाइट'. हे हेरनचं गाणं, १९६७च्या 'द फाइव्ह थाउजंड स्पिरिट्स'वरचं. त्यात विल्यमसन गिंब्री वाजवतो. गिंब्री हे मोरोक्कोकडचं कातड्याने मढवलेलं तंतुवाद्य, तिकडे ते छेडून वाजवतात. यानं त्यावर गज फिरवला. त्यातून येणारा आवाज खरखरीत, किंचित रडका आहे, सारंगीचा गोडवा त्यात नाही. कुणीतरी 'बेसूर' म्हणणारच. त्या क्षणी वाद घालू नका आणि हसूनही टाळू नका. गाणं थांबवा, तोच तुकडा मागे नेऊन पुन्हा लावा आणि एवढंच विचारा: गिंब्री आली तेव्हा गाण्यात काय बदललं?

या प्रश्नावर सगळं अवलंबून आहे. 'हे कुठलं वाद्य?' असं विचारलंत की सामान्यज्ञानाची स्पर्धा सुरू होते. 'चांगलं वाजवलंय का?' विचारलंत की परीक्षक परत येतो. 'काय बदललं?' विचारलं की माणूस ऐकू लागतो. गिटार नीटनेटकी चालली होती, गिंब्रीने तिच्याखालची जमीन जरा ओली केली, गळा एकटा होता त्याला बाजूला कुणी कण्हणारं मिळालं, अशी उत्तरं येतात. बरोबर-चूक ठरवू नका. विल्यमसनच्या हातात वाद्य विस्तारासाठी येत नाही. त्या ओळीला जो रंग हवा तेवढा देतं आणि बाजूला होतं. एकाच गाण्यात चार वाद्यं बदलणारा माणूस चारही वाद्यांत उस्ताद असेलच असं नाही, आणि तशी गरजही नाही. कुठल्या ओळीला कोणता आवाज हवा हे त्याला अचूक कळतं, ही त्याची विद्या. ती ऐकायला शिकवायची.

तानपुऱ्याचं ॲप लावून आधी षड्ज पक्का करा, असंही काही जण सुचवतात. मुळीच करू नका. यांची गाणी मध्येच चाल बदलतात, आधारस्वर बदलतात, एका कडव्यातून भलत्याच ठिकाणी निघतात. बाहेरचा षड्ज धरून बसलेल्या माणसाला प्रत्येक वळण चूक वाटेल. त्याचप्रमाणे गाण्याचे इंग्रजी शब्द आधी वाटू नका. कागद हातात आला की माना खाली जातात. आशय दोन वाक्यांत मराठीत सांगा, पुरे.

एवढं पार पडलं की पुढचं सोपं आहे. आता सतार चालेल. 'हँगमन्स' लावा, गाणी क्रमाने जाऊ द्या.

श्रेयाच्या बाबतीत मात्र काटेकोर राहा. चाहते भाबडेपणाने सगळं विल्यमसनच्या नावावर मांडतात. १९६७च्या रेकॉर्डवरची सतार नझीर जयराझभॉय यांची, ते पुढे संगीतशास्त्राचे मोठे अभ्यासक म्हणून ओळखले गेले. १९६८ची सतार हेरनची. त्याच रेकॉर्डवरचा हार्प, म्हणजे उभं तंतुवाद्य, डेव्हिड स्नेलचा आणि फ्लूट ऑर्गन डॉली कॉलिन्सचा. विल्यमसन हार्पकडे नंतर वळला. रेकॉर्डच्या वेष्टणावर त्याच्या वाद्यांत सनईसुद्धा नोंदलेली आहे. देवळाच्या चौघड्यात सनई ऐकत मोठा झालेला एखादा ती शोधत बसेल, बसू दे.

चहा-भज्यांनंतर 'अ व्हेरी सेल्युलर साँग' पूर्ण लावा. तेरा मिनिटांच्या आसपास आहे, रचना हेरनची. त्यात बहामा बेटांवरच्या पिंडर कुटुंबाचं भक्तिगीत येतं आणि अनेक गळे एकत्र होतात. भजनी माणसं तिथे आपसूक सावरून बसतात. तुकडे पाडू नका.

कुणीतरी विचारेल की एवढा मोठा होता तर आम्हांला माहीत कसा नाही. अमेरिकेतल्या वुडस्टॉक या गाजलेल्या संगीत महोत्सवाची हकिगत सांगा. ऑगस्ट १९६९, शुक्रवारी स्ट्रिंग बँडची पाळी होती, पण पावसात वाजवायला त्यांनी नकार दिला. शनिवारी वाजवलं तेव्हा समोरची गर्दी रॉकच्या दणक्याची वाट पाहत होती. तिथला जो चित्रपट जगभर गेला त्यात ते नाहीत.

शेवटचा अर्धा तास उत्तरायुष्यातल्या विल्यमसनसाठी राखून ठेवा. 'ईसीएम' या रेकॉर्ड कंपनीसाठी त्याने २००० साली 'द सीड-ॲट-झिरो' केली आणि २००२ साली 'स्कर्टिंग द रिव्हर रोड'. पहिलीत तो एकटाच आहे, गळा आणि तारा. वेल्श कवी डिलन टॉमसच्या कविता तो म्हणतो, गातो, मध्येच बोलतो. हार्प घेऊन गोष्टी सांगण्याचे कार्यक्रमही त्याने वर्षानुवर्षं केले. ज्यांनी देवळात कीर्तन ऐकलंय त्यांना हा घाट नवा नाही: कथा, पद, वाद्य, पुन्हा कथा. साठच्या दशकातली गाणी न रुचलेला माणूसही इथे बहुधा सापडतो, म्हणून ही रेकॉर्ड वगळू नका.

निघताना प्रत्येकाला तीनच नावं पाठवा: 'ऑक्टोबर साँग', 'हँगमन्स' पूर्ण, आणि 'द सीड-ॲट-झिरो'. तीस गाण्यांची प्लेलिस्ट कुणी उघडत नाही. पुढच्या खेपेला तुम्ही ऐकवू नका. ज्याने 'बेसूर' म्हटलं होतं त्याला एक गाणं निवडून आणायला सांगा, आणि ते गाणं सगळ्यांत आधी लावा.