बेस ॲम्प घुमतोय? उघडण्याआधी हे करा

बेस गिटारच्या ॲम्पमधून नको तो आवाज यायला लागला की पहिला संशय ॲम्पवरच जातो. पण ॲम्प आत येईल ते मोठं करून ऐकवतो, इतकंच. दोष बऱ्याचदा केबलमध्ये, गिटारमध्ये नाहीतर भिंतीतल्या सॉकेटमध्ये असतो. म्हणून आधी सगळं काढून टाकायचं आणि मग एकेक वस्तू परत जोडत जायचं.

त्याआधी नीट ऐका. सलग, खोल ‘हूंऽऽ’ असेल तर ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी वाजवून बघा. तो ४९ हर्ट्झचा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. दोन्ही जवळजवळ जुळले तर आवाज विजेचाच. बेसवाल्यांना हा त्रास जास्त का, तेही इथेच कळतं. साध्या गिटारचा सर्वांत खालचा स्वर ८२ हर्ट्झचा असतो, त्यामुळे त्याखालचं ईक्यूने (खालचे-वरचे स्वर कमी-जास्त करणाऱ्या नॉबने) कापून टाकलं तरी फारसं बिघडत नाही. बेसची ई तार ४१ हर्ट्झची. तिथे ५० कापलं तर वाद्याचा पायाच गेला. गुणगुण लपवून चालत नाही, तिचं मूळच शोधावं लागतं.

आता गिटारची केबल काढा, मास्टर (ॲम्पचा मुख्य व्हॉल्यूम) शून्यावर आणा, स्पीकर मात्र जोडलेलाच ठेवा. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प स्पीकरशिवाय चालू केला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. मास्टर शून्यावर असतानाही गुणगुण तेवढीच राहिली, आणि ती वरच्या सप्तकातली, १०० हर्ट्झच्या आसपासची वाटली, तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर थकले असण्याची शक्यता मोठी. ते बदलण्याचं काम घरी करू नका. व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. याउलट गेन (आत येणारा सिग्नल वाढवणारा नॉब) वाढवल्यावर हलकीशी ‘स्ऽऽ’ ऐकू आली तर घाबरू नका. ती प्रत्येक ॲम्पमध्ये असते. ट्वीटरचा नॉब असेल तर तो थोडा कमी करा.

ॲम्प एकटा शांत असेल तर केबल आणि गिटार जोडा. मधले इफेक्टचे पेडल अजून नकोत. केबलची दोन्ही टोकं हलवून बघा, खरखरली तर केबल बदला. स्पीकरची केबल गिटारला लावलेली नाही ना, हेही पाहा. तिला शील्डिंग नसतं, त्यामुळे ती आजूबाजूची सगळी गुणगुण गोळा करते. मग गिटारचा व्हॉल्यूम बंद करा. आवाज थांबला तर तो पिकअपमधून, म्हणजे तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबक-कॉइलमधून येतोय. जॅझ बेसमध्ये दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की दोन पिकअपची गुणगुण एकमेकांना खोडते. एक कमी केला की ती परत येते. हा बिघाड नव्हे, एकाच कॉइलच्या (सिंगल कॉइल) पिकअपचा स्वभाव आहे. ट्यूबलाइट, डिमर आणि मोबाइलच्या चार्जरपासून थोडं वळून उभं राहिलात तरी फरक पडतो. ॲक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) बेस असेल तर नवी ९ व्होल्टची बॅटरी घालून बघा.

इथपर्यंत सगळं ठीक असेल, तर अर्थिंगकडे वळा. मंडपात, हॉलमध्ये, जनरेटरवर निम्मी दुखणी इथूनच सुरू होतात. तारांना हात लावल्यावर आवाज थोडा कमी होणं नेहमीचं आहे. पण हाताला झिणझिण्या आल्या, किंवा माइकला ओठ लागताच चटका बसला, तर तिथेच वाजवणं थांबवा आणि वायरमनला बोलवा. मल्टिमीटरने लाइव्ह आणि अर्थमध्ये साधारण २३० व्होल्ट, तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट दिसायला हवेत. भिंतीतल्या सॉकेटमध्ये प्रोब घालण्याची सवय नसेल तर हे मोजमापही वायरमनकडूनच करून घ्या.

ॲम्प एकटा शांत, पण मिक्सरला लाइन दिली की घुमतो, असं असेल तर तो ग्राउंड लूप. दोन उपकरणं दोन वेगळ्या वाटांनी अर्थला जोडली गेली की असं होतं. ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या, लाइटचा पुरवठा वेगळा ठेवा, आणि तरीही राहिलं तर डीआय बॉक्सवरचा (गिटारचा सिग्नल मिक्सरला देणाऱ्या डबीवरचा) ग्राउंड लिफ्ट दाबा. तो फक्त सिग्नलच्या केबलमधलं ग्राउंड तोडतो, विजेचं अर्थिंग शाबूत राहतं. गुणगुण घालवायला प्लगची तिसरी, जाड पिन तोडणारे लोक अजून भेटतात. गुणगुण खरंच जातेही, पण त्यानंतर ॲम्पमध्ये काही शॉर्ट झालं तर करंट तुमच्या तारांतून तुमच्या अंगात येतो. कितीही घाई असो, हे करू नका आणि करू देऊ नका.

नॉब फिरवताना खरखर होत असेल तर कारण बहुतेक धूळ आणि दमट हवा. कोकणपट्टीत पावसाळ्यानंतर हे हमखास. ॲम्प बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, नॉब पुढेमागे फिरवा, पूर्ण वाळू द्या. गंजावर मारायचा साधा तेलकट स्प्रे नको. मधूनच आवाज बसत असेल तर मागच्या सेंड आणि रिटर्नमध्ये (बाहेरचे इफेक्ट जोडायच्या जॅकमध्ये) एक छोटी केबल लावून बघा. सुधारणा झाली तर रिटर्नच्या जॅकचे संपर्क मळलेत.

ठरावीक स्वरावरच थरथरत असेल तर कॅबिनेटचे स्क्रू, जाळी, हँडल एकेक करून हाताने दाबून बघा. शेजारच्या स्नेअर ड्रमची जाळीही असाच आवाज करते.

शेवटी दुरुस्तीला न्यायची वेळ आलीच, तर कागदावर लिहून द्या: आवाज कसा, मास्टरने बदलतो का, काय काढल्यावर थांबतो, कोणत्या जागी येतो. टेक्निशियनचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचे पैसेही.