हाताने बांधलेल्या गळाच्या काठीच्या मुठीवर रील पक्के कसे बसवावे

कोकणात खडपांवर किंवा खाडीच्या तोंडाशी गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, जाणारी हौशी मंडळी आता तयार काठीऐवजी फायबरचा ब्लँक, म्हणजे मूठ-कड्या नसलेली नुसती काठी, आणून आपल्या हाताला बसेल अशी मूठ स्वतः करून घेऊ लागली आहेत. मुठीचे बाकीचे काम मन लावून होते, पण रील (दोरी गुंडाळायचे यंत्र) बसवायची वेळ आली की घाई होते आणि चिकटपट्टीच्या चार वेढ्यांवर रीलसीट, म्हणजे रील अडकवायची नळी, सरकवून काम उरकले जाते. तांबोशीने कपारीकडे धाव घेतली किंवा जिताड्याने पाण्याबाहेर उसळून डोके झटकले, की तो सारा हिसका सीटवर येतो. स्पिनिंग रील काठीच्या खाली बोटभर अंतरावर लोंबत असल्यामुळे हँडल फिरवताना प्रत्येक फेऱ्याला ते सीटला डावीउजवीकडे पिळत असते. सीट ढिली होते ती बहुधा रील आवळून धरणाऱ्या नटामुळे नव्हे, तर सीट आणि ब्लँक यांच्यामध्ये राहिलेल्या पोकळीमुळे, म्हणून खरी काळजी या पोकळीचीच घ्यायची आहे.

सर्वप्रथम रीलची जागा ठरवावी, आणि ती पुस्तकी मापावरून न ठरवता स्वतःच्या अंगाच्या मापाने ठरवावी. ब्लँकचे जाड टोक काखेत धरून हात सहज पुढे करावा. जिथे तळवा आपोआप येतो आणि रीलचा दांडा मधल्या दोन बोटांत बसतो, तिथे पेन्सिलने खूण करावी. खडपांवरून दोन्ही हातांनी लांब फेक करण्यासाठी मागची मूठ लांब लागते. होडीत बसून किंवा खाजणाच्या कडेने गरवायचे असेल, तर लांब मूठ कपड्यांत आणि जाळ्यांत अडकते, तेव्हा ती कोपरापेक्षा आखूडच बरी. फेकीचा अंदाज घेण्यासाठी रील त्या जागी चिकटपट्टीने तात्पुरते बांधून अंगणात काठी हलवून पाहावी, कारण एकदा सीट चिकटली की जागा बदलता येत नाही.

सीट घेताना रील दुकानात सोबत न्यावे. रीलचा पाय (दांड्याच्या टोकाची चपटी पट्टी) सीटच्या दोन्ही टोपणांखाली पूर्ण शिरतो का आणि नट आवळल्यावर तो मागेपुढे किंवा आडवा हलतो का, हे तिथेच तपासावे. समुद्राच्या खाऱ्या पाण्यासाठी ग्रॅफाइट किंवा नायलॉनचे अंग आणि स्टेनलेसची टोपणे असलेली सीट मला सर्वांत भरवशाची वाटते. ॲल्युमिनियमची सीट दिसायला देखणी असते, मात्र तिच्यावरचा ॲनोडायझिंगचा संरक्षक थर खरवडला गेला आणि तिथे खारे पाणी व स्टेनलेस एकत्र आले, की पांढरी भुकटी धरू लागते. आटे मागच्या बाजूला असलेली सीट घेतल्यास पुढचे बोट आट्यांवर घासत नाही.

मागची मूठ, मग सीट आणि शेवटी पुढची मूठ, असा क्रम ठेवावा. ही तिन्ही शेंड्याकडून खाली सरकवायची असतात, त्यामुळे गाइड, म्हणजे दोरी ओवायच्या कड्या, बांधण्याआधीच हे काम करावे. सीटचे आतले छिद्र ब्लँकपेक्षा बहुतेक वेळा मोठे असते आणि मधली जागा भरण्यासाठी मास्किंग टेपचे वेढे देण्याची पद्धत आहे. टेप वापरण्यास हरकत नाही, पण सलग वेढे देणे घातक आहे, कारण तेव्हा सीट ब्लँकला न चिकटता कागदाला चिकटते आणि कागद ओल धरतो. म्हणून टेपची अर्धा इंच रुंदीची कडी करावीत, दोन कड्यांमध्ये अर्धा-पाऊण सेंटिमीटर जागा सोडावी आणि सीटच्या दोन्ही टोकांशी थोडा भाग टेपविना मोकळा ठेवावा. या फटींतून इपॉक्सी हा चिकट पदार्थ भरला की ती सीटपासून थेट ब्लँकपर्यंत पोहोचते आणि खरी पकड तिचीच असते. सीट कड्यांवरून हलक्या दाबाने सरकली पाहिजे. ठोकून बसवावी लागली तर एक वेढा काढावा, आणि खुळखुळली तर वाढवावा.

इपॉक्सी दोन ट्यूबची आणि सावकाश घट्ट होणारी घ्यावी. पाच मिनिटांत घट्ट होणारी इपॉक्सी सीट जुळवायला वेळ देत नाही. ब्लँकचा गुळगुळीत भाग आणि सीटचे आतले अंग बारीक पॉलिश पेपरने घासून चकाकी घालवावी, पण फायबरचे धागे उघडे पडेपर्यंत घासू नये. मग दोन्ही स्पिरिटने पुसून सुकू द्यावे. इपॉक्सी फटींत भरून कड्यांवरही पातळ थर द्यावा आणि सीट गोल फिरवत फिरवत सरकवावी, म्हणजे आतली हवा बाहेर पडते. बाहेर आलेला लगदा आट्यांत शिरण्याआधीच स्पिरिटच्या फडक्याने पुसावा. आट्यांवर आधीच चिकटपट्टी गुंडाळून ठेवली तर हा धोका उरत नाही. मागच्या मुठीला वरखाली अशी ठरावीक बाजू असेल, तर रील हलकेच चढवून मागून एका डोळ्याने पाहावे आणि सीट जराशीही तिरकी वाटली तर याच क्षणी सरळ करावी. पुढे गाइड बांधताना ही सीटच त्यांची दिशा ठरवते. खात्री झाल्यावर रील उतरवून काठी आडवी ठेवावी आणि निदान चोवीस तास हात लावू नये.

पावसाळ्यात मात्र हे काम करताना विशेष जपावे. हवेतला दमटपणा इपॉक्सीच्या हार्डनरशी (ती घट्ट करणाऱ्या दुसऱ्या ट्यूबमधल्या द्रवाशी) गुंतून वर चिकट, मेणकट थर आणतो. ज्या दिवशी उघडीप असेल तो दिवस निवडावा, किंवा बंद खोलीत पिवळा बल्ब थोड्या अंतरावर लावून हवा कोरडी ठेवावी.

मूठ बांबूची असेल तर पद्धत बदलते. सिंधुदुर्गात मिळणारा माणगा बांबू जवळजवळ भरीव असल्याने मुठीला उत्तम, पण तो जाड असल्यामुळे नळीची सीट त्यावर चढत नाही. त्यावर धातूच्या पट्टीची सीट दोन गाठींमधल्या सरळ पेरावर बांधावी. बांबूचे बळ त्याच्या सालीलगतच्या तंतूंत असते, म्हणून पट्टी सपाट बसावी या हव्यासाने साल तासू नये. फक्त वरची चकाकी पॉलिश पेपरने घालवावी, पट्टीखाली इपॉक्सीचा थर द्यावा आणि दोन्ही बाजूंनी नायलॉनचा दोरा एकमेकाला खेटून वेढ्यावेढ्याने घट्ट आवळत न्यावा. दोऱ्यावरही इपॉक्सी चढवावी, नाहीतर खारे पाणी आत शिरते.

सारे सुकल्यावर रील चढवून नट फक्त हाताने आवळावा. पक्कड लावल्यास ग्रॅफाइटचे अंग तडकते. पाय किंचित हलत असेल तर त्याखाली सायकलच्या ट्यूबची पातळ पट्टी ठेवावी. मग दोरीला दोन लिटर पाण्याची बाटली बांधून काठी हळूहळू उचलावी आणि सीट फिरते का, टेपचा करकर आवाज येतो का, हे पाहावे. आवाज आला तर आत पोकळी राहिली आहे असे समजून ती सीट काढावी, कारण बाहेरून इपॉक्सी ओतून ती पोकळी भरत नाही.

प्रत्येक वेळी घरी आल्यावर रील उतरवून सीटचे आटे आणि पायाखालची जागा गोड्या पाण्याने धुवावी. नट तसाच आवळून ठेवला तर मिठाचे कण आट्यांत घट्ट बसतात आणि पुढच्या वेळी तो हाताने सुटत नाही. सीट वाळल्यावर आट्यांना ग्रीसचा अगदी पातळ हात लावून नट पूर्ण मागे घेऊन ठेवावा.