मोटरच्या थरथरीवरून बेअरिंगचा बिघाड ओळखायचा, तर

अशा प्रोजेक्टात मशीन लर्निंगचं मॉडेल कुठलं घ्यायचं ते शेवटी. आधी मोटर गाठा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत कुणाच्या तरी ओळखीनं चार पोलची थ्री फेज मोटर मिळतेच. आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि बेअरिंगचा नंबर लिहून घ्या. नेमप्लेटवर नंबर नसेल तर फिटरला विचारा. १४४० आरपीएम म्हणजे सेकंदाला २४ फेरे. बेअरिंग ६२०५ असेल तर बाहेरच्या रिंगवरचा चरा त्याच्या ३.५८ पट, म्हणजे ८६ हर्ट्झच्या आसपास दिसतो. शाफ्टचा असमतोल २४ वर दिसेल.

मायक्रोकंट्रोलर बोर्ड ईएसपी३२, थरथर मोजणारा सेन्सर एडीएक्सएल३४५. तो एसपीआय या वेगवान जोडणीवरच जोडा, कारण ४०० किलोहर्ट्झच्या आयटूसी जोडणीवर सेकंदाला ८०० सॅम्पलच्या (मोजमापांच्या) पुढे जाता येत नाही आणि आपल्याला सेकंदाला ३२०० हवेत. इतकं करूनही त्याच्या निम्म्या, म्हणजे १६०० हर्ट्झच्या वरचं काही दिसत नाही, त्यामुळे अगदी कोवळा बिघाड सापडेल असा दावा रिपोर्टात नको. सेन्सर मशीन बंद असताना बेअरिंगच्या घराजवळ स्क्रूनं किंवा ताकदीच्या मॅग्नेटनं पक्का बसवा. डबल टेप वरच्या फ्रिक्वेन्सी गिळते. ब्रेडबोर्ड तर नकोच, वायरी सोल्डर करा.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा होतो. सेन्सरच्या फिफोत, म्हणजे आतल्या तात्पुरत्या साठ्यात, ३२ सॅम्पल मावतात आणि ते १० मिलिसेकंदांत भरतात. तेवढ्यात वायफायवर पाठवत बसलात तर मधले सॅम्पल गळतात, एफएफटीत (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणाऱ्या गणितात) मुळात नसलेले पीक, म्हणजे उंचवटे, उगवतात आणि मॉडेल तेच पाठ करतं. १६ सॅम्पल साठले की बोर्डाला कळवणारा वॉटरमार्क इंटरप्ट लावा, वाचन बोर्डाच्या एका कोअरवर आणि पाठवणं दुसऱ्या कोअरवर ठेवा. १०२४ सॅम्पलची खिडकी, म्हणजे एका वेळी तपासायचा तुकडा, घेतली की फ्रिक्वेन्सीचं रेझोल्यूशन ३.१२५ हर्ट्झ मिळतं.

खराब बेअरिंग रिवायंडिंगवाल्याकडे भंगारात पडलेली असतात, मागून घ्या. रेकॉर्डिंग वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या लोडवर करा. मग खिडक्या सरमिसळ करून ट्रेन-टेस्ट (मॉडेलला शिकवायचा आणि तपासायचा डेटा) असे भाग पाडू नका. एकाच रेकॉर्डिंगचे तुकडे दोन्हीकडे गेले की ९९ टक्के उत्तरं बरोबर येतात, आणि सेन्सर काढून पुन्हा बसवला की ते टक्के कोसळतात. टेस्टसाठी एखादं बेअरिंग, जमलं तर दुसरी मोटरच, पूर्ण बाजूला ठेवा. केस वेस्टर्न रिझर्व्ह या अमेरिकी विद्यापीठाचा बेअरिंगचा डेटासेट वापरतानाही हेच पाळा. तिथले चरे स्पार्कनं मुद्दाम पाडलेले आहेत, झिजून झालेले नाहीत.

मॉडेल बोर्डात मावावं म्हणून आठ बिटांच्या आकड्यांत आणल्यावर टेस्ट बोर्डावरच पुन्हा चालवा. लॅपटॉपवरच्या आणि बोर्डावरच्या एफएफटीचं स्केलिंग जुळलं नाही तर प्रत्येक खिडकीला एकच उत्तर येत राहतं.