उजनीपूर्वीच्या भीमेची पूररेषा कशी शोधावी

सोलापूर जिल्ह्यात भीमाकाठच्या एखाद्या गावी उजनी धरणापूर्वी, म्हणजे १९८० च्या आधी, पुराचे पाणी कोठवर येत असे हे शोधायचे असल्यास आरंभ नदीपासून न करता पांढरीपासून, म्हणजे जुन्या गावठाणापासून करावा. जुन्या लोकांनी घरे बांधली ती बहुधा पाण्याचा अंदाज घेऊनच. म्हणून जुन्या गावठाणातील सर्वांत खालच्या वाड्याचा उंबरा ही पहिली खूण धरावी. नदीकडे नंतर सरकलेली वस्ती सोडून द्यावी.

मग वयस्कर मंडळींना गाठावे. ‘पूर केवढा होता?’ या प्रश्नाला ‘लई मोठा’ एवढेच उत्तर मिळते. त्यापेक्षा ‘पाणी मारुतीच्या देवळाच्या कितव्या पायरीला लागले होते?’ असे विचारावे. सालाचा आग्रह धरू नये. १९७२ च्या दुष्काळाआधी की नंतर, १९६१ मध्ये पानशेत फुटले त्याआधी की नंतर, आणि नक्षत्र आश्लेषा की मघा, एवढे कळले तरी पुष्कळ झाले. कडक ऊन असताना पाणी चढले असे कोणी सांगितले, तर ते खोटे मानू नये. भीमेचा मोठा पूर मुख्यतः घाटमाथ्यावरील पावसाचा असतो, आणि सोलापूरकडे आभाळ कोरडे असतानाही नदी दुथडी भरून वाहू शकते. त्यामुळे पडताळ्यासाठी केवळ सोलापूरच्या पर्जन्यनोंदी चाळण्यात अर्थ नाही, भीमाशंकर आणि मावळाकडील नोंदी पाहाव्यात.

मिळालेल्या खुणांची उंची गवंडी वापरतात त्या पारदर्शक नळीने ताडून पाहावी. नळीत पाणी भरल्यावर बुडबुडे पूर्ण निघू द्यावेत, कारण एखादा जरी अडकला तरी पातळी फसवते. मग एक टोक पायरीशी आणि दुसरे पुढच्या खुणेशी धरून टप्प्याटप्प्याने सरकावे. जवळजवळच्या तीन-चार खुणा वीतभर फरकाने जुळल्या, तर त्या एकाच पुराच्या असाव्यात असे मानायला हरकत नाही. नदीची दरड खुरप्याने उभी तासल्यास वाळूत बारीक गाळाचे थरही दिसतात. मात्र वाळूउपशाची जागा टाळावी.

धरणानंतर पूर थांबले, असे मात्र समजू नये. नीरा नदी उजनीच्या खाली, नरसिंहपूरला भीमेस मिळते, आणि तिच्या पाण्याने पंढरपूरचे वाळवंट आजही बुडते. म्हणून भिंतीवरील प्रत्येक डागाबाबत ती भिंत केव्हा बांधली हे घरमालकाला आधी विचारावे, आणि १९८० नंतरच्या भिंतीवरील डाग वहीत वेगळ्या पानावर लिहावेत.